मागच्या दाराने : म्युझियममधला कोट का मारावा लागला?

सुट्टीतल्या सहलींवर लिहिताना मी जीवतंत्रज्ञान आणि 'उद्याचं जग' दाखवणाऱ्या संग्रहालयांवर एक परिच्छेद टाकला होता, त्यात बुरशीच्या विटा आणि हरवलेल्या फुलाचा वास यांचाही उल्लेख होता. संपादक म्हणाले, नका टाकू, कोणी वाचणार नाही. त्याच परिच्छेदावर सगळ्यात जास्त पत्रं आली, म्हणून हा अंक त्या पत्रांच्या नावाने.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख: एका विज्ञान केंद्राच्या वर्कशॉपमध्ये २७ वर्षं मी प्रारूपं, म्हणजे प्रदर्शनात मांडायच्या वस्तू, बनवली, आणि बनवण्यापेक्षा दुरुस्तच जास्त केली. 'सदर प्रारूप नादुरुस्त आहे' ही पाटी माझ्या अक्षरात अजून तिथे कुठेतरी लटकत असेल.

न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये ठेवलेला एक जिवंत कोट वाढतच सुटला आणि शेवटी मारावा लागला, असं आमचे चिरंजीव सांगतात. थाप ना ही?
— एक वाचक, चंद्रपूर

थाप नाही, चिरंजीवांचं खरं आहे. फक्त कोट म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तेवढा मोठा नव्हता. बाहुलीच्या मापाचा, जेमतेम दोन इंच उंचीचा होता. ऑस्ट्रेलियात पर्थला काम करणारे ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झर या दोन कलाकारांनी तो २००४ मध्ये पहिल्यांदा वाढवला. आत विरघळून जाणाऱ्या पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, कोटाच्या आकाराचा साचा, त्यावर जिवंत पेशी, भोवती काचेचं भांडं, आणि सलाइनसारखं थेंब थेंब पोषणद्रव. कामाचं नाव 'व्हिक्टिमलेस लेदर', म्हणजे कोणाचा बळी न घेता मिळालेलं चामडं.

२००८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'डिझाइन अँड द इलास्टिक माइंड' या प्रदर्शनात मांडला होता. पेशी उंदराच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होतात त्या. त्या अपेक्षेपेक्षा फार जोमाने वाढल्या, एक बाही गळून पडायच्या बेताला आली आणि भांडं तुंबू लागलं. प्रदर्शन रचणाऱ्या क्युरेटर पाओला अँतोनेल्ली यांना पोषण बंद करायला सांगावं लागलं. संग्रहालयातल्या माणसाला आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं: वस्तू जपा. कसर लागू देऊ नका, दमट होऊ देऊ नका, ऊन लागू देऊ नका. आणि इथे जपलेली वस्तू स्वतःच्या हुकमाने संपवायची. तो निर्णय आपल्याला जड गेला, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं.

आता यातली मेख. 'बळी न घेता' म्हटलं खरं, पण पेशींना जे पाजतात त्यात गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्तातला द्रव असतो. हे कलाकारांनी लपवलं नाही, उलट तेच दाखवायचं होतं. बळी गेलाच, फक्त काचेपासून लांब, दिसणार नाही असा गेला. मला हे काम आवडतं ते याच खोडसाळपणासाठी.

या दोघांची आणखी एक पद्धत आहे. प्रदर्शन संपताना वाढवलेल्या पेशी भांड्यातून बाहेर काढायच्या आणि लोकांना उघड्या हातांनी शिवू द्यायच्या. आपल्या बोटांवरचे जंतू आणि मोकळी हवा, एवढ्यावर त्या मरतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. आमच्या केंद्रात दारावरच लिहिलेलं होतं, 'कृपया हात लावा'. हात लावण्यासाठीच तर सगळं बनवायचो. तो हात मारतोही, हे कधी मनात आलं नव्हतं.

खरं तर यायला हवं होतं. माझ्या नोकरीत जिवंत प्रारूप एकच, अंड्यातून पिल्लू. काचेची पेटी, साडेसदतीस अंश तापमान, २१ दिवस, अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची. मुलं नाक चिकटवून उभी राहायची, काचेवर नाकांच्या गोल खुणा उमटायच्या, त्या पुसणं हे माझं सकाळचं पहिलं काम. एका शनिवारी रात्री लोडशेडिंग लांबलं. पेटीला इन्व्हर्टर जोडायचा कागद कोणाच्या तरी टेबलावर दोन महिने पडून होता. रविवारी सकाळी मी एकेका अंड्यामागे बॅटरी धरून पाहिली. अठराव्या दिवसाची अंडी, आत सगळं काळं आणि काहीच हलत नाही. दार उघडल्यावर पहिल्याच घोळक्यातल्या एका मुलाने विचारलं, "मावशी, झोपलेत का मेलेत?" वरिष्ठ म्हणाले, पाटी लावा. नेहमीची पाटी लावली. नादुरुस्त काही नव्हतं हो. पण 'मेले आहेत' अशी पाटी आमच्या स्टोअरमध्ये नव्हती.

म्हणून जिवंत प्रदर्शन पाहायला गेलात की मी तुम्हाला एकच प्रश्न विचारायला सांगते: याला रोज सकाळी खायला कोण घालतं? ॲमस्टरडॅमला आर्टिस प्राणिसंग्रहालयाच्या आवारात 'मायक्रोपिया' नावाचं सूक्ष्मजीवांचं संग्रहालय आहे, २०१४ मध्ये उघडलेलं. लोक तिथल्या अंगावरचे जंतू दाखवणाऱ्या पडद्यासमोर आणि चुंबनातून किती जंतू इकडचे तिकडे गेले ते सांगणाऱ्या यंत्रासमोर रांग लावतात. मी मात्र लेकीला तिथे सोडून प्रयोगशाळेच्या काचेपाशी अर्धा तास उभी होते. आत एक मुलगी बशा बदलत होती. मांडलेले जीव जगवायचं काम तिथे लोकांच्या डोळ्यांदेखत चालतं. आमच्याकडे ते सहा वाजता दारं बंद झाल्यावर, मागच्या जिन्याखाली.

मुलाने हौसेने दुबईचं भविष्याचं म्युझियम दाखवलं. इमारत डोळे दिपवणारी. पण आत जुनी म्हणावी अशी एक वस्तू नाही, सगळा उजेडाचा खेळ. याला म्युझियम म्हणायचं का?
— एक वाचक, नाशिक

तुमची कुरकुर रास्त आहे, पण थोडी बाजू घेते. ते २०२२ च्या फेब्रुवारीत उघडलं आणि आत शिरलं की साल असतं २०७१, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीच्या शंभरीचं. २०७१ ची वस्तू आणणार कुठून? तेव्हा हे 'समजा'चं प्रदर्शन आहे. समजा असं झालं तर? आपल्या कीर्तनकारांना हा प्रकार नवा नाही, 'समजा, तुम्ही मेलात' इथून आख्यान सुरू करतात.

माझी तक्रार निराळी आहे. तिथलं ते प्राण्या-वनस्पतींच्या डीएनएचं भांडार आठवा, अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचांत दोन हजारांहून जास्त प्रजाती. फार देखणं आहे. पण दोन हजार जिवांसमोर उभं राहिलं की एकाचंही नाव लक्षात राहत नाही. तुमच्या राहिलं का?

त्याच्या उलट एक काम सांगते. मावी बेटावर, हवाईत, हालेआकाला डोंगराच्या उतारावर जास्वंदीच्या नात्यातलं एक झाड होतं. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नावच 'जास्वंदीचा भाऊ' अशा अर्थाचं आहे. गुरांच्या कुरणांसाठी रान गेलं आणि १९१२ च्या सुमारास ते झाड संपलं. हार्वर्डच्या वनस्पतिसंग्रहात त्याची वाळवलेली फांदी होती. कलाकार अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग, वासावर काम करणाऱ्या सिसेल टोलास आणि बोस्टनची गिंको बायोवर्क्स ही जैवतंत्रज्ञान कंपनी यांनी त्या फांदीतल्या डीएनएच्या तुकड्यांवरून वास तयार करणारी जनुकं जुळवली, यीस्टमध्ये घातली, कोणते रेणू निघतात ते पाहिलं आणि २०१९ मध्ये त्यावरून वास रचून मांडला. तंतोतंत तोच, असा त्यांचा दावा नाही. कुठला रेणू किती, हे फांदी सांगत नाही.

मांडणी पाहा. काचेची खोली, आत लाव्हाचे दगड, वरून तो वास. तुम्ही आत जाता, डोळे मिटून हुंगता, आणि बाहेरचे लोक काचेतून तुम्हाला बघतात. जपून ठेवलेला नमुना म्हणजे तुम्ही. एकच फूल, तेही न दिसणारं. पण देवघरातल्या परडीत रोज जास्वंद खुडणाऱ्या माणसाला हे पाहून काय होईल, याचा विचार करा. मला तरी दोन हजार दिव्यांपेक्षा हे एक नाक जास्त पटतं.

नववीच्या ३८ मुलांना बेंगळुरूची सायन्स गॅलरी दाखवायला न्यावं का? मुलं मराठी माध्यमाची आहेत.
— एक शिक्षक, लातूर

न्या, पण ३८ एकदम आत सोडू नका. दहा-दहाचे गट करा. प्रवेश मोफत आहे. संजयनगरजवळची ही स्वतंत्र इमारत २०२४ च्या जानेवारीत 'कार्बन' या प्रदर्शनाने उघडली. संस्थापक-संचालक जान्हवी फाळके. तिथे कायमचा संग्रह नाही, विषय ठरावीक काळाने बदलतो. त्याआधीची त्यांची प्रदर्शनं वनस्पती, साथीचे रोग, मन अशा विषयांवर झाली. तेव्हा निघण्यापूर्वी सध्या काय चालू आहे ते बघा. सगळं पंधरा वर्षांच्या पुढच्यांना डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं असतं, नववीला जरा उंच पडेल, पण पडू दे.

तिथे 'मीडिएटर' नावाची तरुण मुलं फिरत असतात. पाठ केलेलं सांगत नाहीत, गप्पा मारतात. तुमच्या मुलांना इंग्रजीची भीती वाटेल, त्यांना सांगा, हिंदीत विचारा, नाहीतर मराठीत विचारा, कोणीतरी सापडेल. आणि सर, हात जोडून सांगते, वह्या काढायला लावू नका. पाट्यांवरचा मजकूर उतरवून घेणारी मुलं मी २७ वर्षं बघितली. मान वर करून प्रारूपाकडे बघायला त्यांना वेळच नसायचा, कारण परत गेल्यावर वह्या तपासल्या जाणार असत.

बटणं दाबायची हौस मुलांना असतेच. त्यासाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, तिथे मनसोक्त दाबू दे.

मुलीला शाळेच्या प्रदर्शनात बुरशीची वीट करायची आहे. घरी जमेल का?
— एक पालक, गडहिंग्लज

जमेल. मी दोनदा केली, पहिली बिघडली.

कल्पना अशी: बुरशीचे पांढरे धागे काडात वाढताना काड एकमेकांना बांधून टाकतात. २०१४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या पीएस-वन संग्रहालयाच्या अंगणात 'द लिव्हिंग' या वास्तुरचनाकारांनी मक्याच्या धाटांचा चुरा आणि बुरशी यांच्या सुमारे दहा हजार विटांचा मनोरा उभा केला होता, तीन-चार मजले उंच. उन्हाळा संपल्यावर तो पाडला आणि विटांचं खत केलं. मुलीला हे पोस्टरवर लिहू दे, परीक्षकांना खताचा भाग आवडतो.

तुमच्याकडे भाताचं पिंजर भरपूर, तेच घ्या. बोटाच्या पेराएवढं कापा, रात्रभर भिजवा, मग तासभर गरम पाण्यात ठेवा. पाणी उकळतं नको, पण हात घालवणार नाही इतपत हवं. निथळू द्या. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर अजून ओलं आहे. किलोभर ओल्या पिंजराला दोन मुठी धिंगरी अळिंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, मिसळा. स्पॉन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या अळिंबी प्रकल्पात मिळतं, तुमच्या भागात अळिंबी करणारे शेतकरीही देतील. जुना केकचा डबा स्पिरिटने पुसून त्यात मिश्रण दाबून भरा, बारीक भोकं पाडलेली प्लास्टिकची पिशवी वर चढवा आणि अंधारात ठेवा. कपाटाखाली चालेल.

आठवड्यानंतर वास घ्या. ताज्या अळिंबीचा, पावसाळी रानासारखा वास आला तर ठीक. आंबूस आला किंवा हिरवा ठिपका दिसला तर मोह सोडा, पिशवी न उघडता तशीच टाकून द्या. माझी पहिली वीट हिरवी झाली ती मी लाडू वळतात तसं हाताने, अंगठी न काढता मिसळलं म्हणून. दोन आठवड्यांत सगळं पांढरंशुभ्र झालं की डब्यातून काढा, दोन दिवस उन्हात वाळवा आणि मंद ओव्हनमध्ये काही तास भाजा. भाजणं विसरू नका. नाहीतर ऐन प्रदर्शनाच्या दिवशी विटेला अळिंबीचे कान फुटतील. घरात दम्याचा कोणी असेल तर हे सगळं पडवीत करा.

आणि परीक्षकांनी 'याचं घर बांधता येईल का' विचारलं तर मुलीने स्वच्छ 'नाही' म्हणावं. वजन पेलत नाही. फ्रिजच्या पॅकिंगमधल्या थर्माकोलची जागा मात्र घेऊ शकते.

परदेशी संग्रहालयांत लोक स्वतः जिवाणूंची जनुकं बदलतात असं वाचलं. आपल्याकडे का नाही?
— एक विद्यार्थिनी, परभणी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या टेक संग्रहालयाने तसा विभाग केला होता, येणारे लोक जिवाणूंत रंगाचं जनुक घालायचे. आपल्याकडे जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांना पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. मान्यता लागते, जैवसुरक्षा समिती लागते, आणि ते योग्यच आहे. तोवर पिकलेलं केळं, मीठ, भांड्यांचा साबण आणि फ्रीजरमध्ये गार केलेलं स्पिरिट घ्या. केळ्याचा डीएनए शेवयांसारखा वर तरंगतो. काडीवर गुंडाळून आईला दाखवा.

बाई, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही बुरशीच्या विटा आणि हरवलेल्या फुलांचे वास सांगताय. ही पोट भरलेल्यांची थेरं आहेत.
— एक वाचक, बीड

रागावले नाही. माझं आजोळ पारनेर तालुक्यातलं, मीही त्याच मातीतली.

अनब जैन या अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकलेल्या डिझायनर. जॉन आर्डर्न यांच्यासोबत त्या लंडनला 'सुपरफ्लक्स' नावाचा स्टुडिओ चालवतात. २०१७ मध्ये त्यांनी बार्सिलोनात एक आख्खं घर मांडलं: २०५० च्या सुमाराचं लंडन, हवामान बिघडलेलं, धान्य मिळेनासं झालेलं. बैठकीच्या खोलीत भंगारातून जोडलेली यंत्रं, धुक्यावर वाढणारी भाजी, खोक्यांत अळिंबी, खायला अळ्या, टंचाईत काय रांधावं याची पुस्तकं. येणाऱ्याने त्या घरात शिरायचं आणि फडताळं उघडून बघायची.

युरोपातल्या माणसाला ते 'समजा' होतं. त्या घराचे फोटो पाहिले तेव्हा मला आठवला १९७२ चा दुष्काळ. मी सात वर्षांची. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, त्याच्या भाकरी कशाही थापल्या तरी कडेने चिरायच्या. खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी आजी पदरात बांधून आणायची आणि आम्हा पोरांना समान वाटण्यासाठी वाटीच्या काठावर बोट फिरवून सपाट करायची. त्यांचं भविष्य म्हणजे आमच्या आजीचं फडताळ, फक्त वायरी जास्त.

तेव्हा थेरं म्हणू नका, पण अर्धं तुमचं मान्य. असं घर बीडमध्ये कोणी मांडायचं ठरवलं, तर मांडणाऱ्याने आधी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायला हवं की टँकर यायचा तेव्हा हंड्यांचे नंबर कसे लावत होतात. असं प्रदर्शन कोणी केलं तर मी फुकट सुतारकाम करायला येईन. पत्ता संपादकांकडे आहे.

सोबत पाकिटात घरी वाढवलेल्या कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या चहाची, वाळवलेली साय पाठवत आहे. चामड्यासारखी लागते. हिचं काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

पाकीट मिळालं. पोस्टमनने ते हातभर लांब धरून दिलं.

ही साय म्हणजे जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज. लंडनच्या सुझान ली यांनी अशाच गोड चहात वाढवलेल्या सायीची जाकिटं केली होती. दक्षिणेत वाया जाणाऱ्या नारळपाण्यावर अशीच साय वाढवून 'मलई' नावाचं चामड्याला पर्यायी कापड करतात. तुमचा तुकडा चांगला जाड आणि सारखा आला आहे, मधेच फुगे नाहीत, म्हणजे तुम्ही भांडं हलवलं नाही.

मी त्याची किल्ल्यांची पिशवी शिवली, मेणाचा दोरा वापरून. मेपर्यंत झकास होती, हातात घेतली की खडखड वाजायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. ही साय हवेतलं पाणी ओढते. पिशवी आधी मऊ झाली, मग फुगली, मग तिला पुन्हा चहाचा वास यायला लागला. काल किल्ल्या काढायला गेले तर गोदरेजची किल्ली आत चिकटलेली. सध्या ती पिशवी फ्रिजवर उन्हाची वाट बघते आहे आणि मी शेजारणीकडची जादा किल्ली वापरते आहे. पुढच्या वेळी मेणात बुडवून पाठवा.